गड दिसतो, गाव दिसत नाही

दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत कथा-कवितांच्या नंतर आणि वार्षिक राशिभविष्याच्या आधी एक लेख हमखास असतो. कुणीतरी एखाद्या किल्ल्यावर, लेण्यात किंवा पुरातन देवळात जाऊन आलेले असते आणि त्या सहलीचे सात-आठ पानांचे वर्णन लिहिलेले असते. बेळगाव-खानापूरकडून, गोव्यातून, इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याहून किंवा हैदराबादेहून निघणाऱ्या अंकांत तर असे लेख जरा अधिकच. कारण उघड आहे. आपल्या आसपास पाहण्याजोगे पुष्कळ आहे, आणि जे आहे त्याच्याशी आपला काही धागा जुळतो असे आपल्याला मनापासून वाटते.

तरीही हे लेख वाचून झाल्यावर हाती काय उरते, असा प्रश्न स्वतःला विचारला तर उत्तर समाधानकारक येत नाही. सनावळी, राजाचे नाव, खांबांची संख्या, सरकारी खात्याच्या दुर्लक्षाबद्दलचे ठरलेले एक वाक्य, आणि शेवटी मावळत्या सूर्याच्या साक्षीने परतीचा प्रवास. गावाचे नाव बदलले तरी लेख बदलत नाही. बदामीऐवजी हलशी घाला, हलशीऐवजी मांडू घाला. चार विशेषणे इकडची तिकडे केली की काम भागते. लेखक गडावर पोचतो, तटावरून खाली पाहतो, त्याला इतिहास दिसतो. गडाच्या पायथ्याशी जे गाव आहे, जिथे त्याने चहा घेतला, वाट विचारली, पाणी मागितले, ते गाव मात्र लेखात येत नाही.

हा नुसता वाङ्मयीन रुचीचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. पण दुभाषी प्रदेशात राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने तो त्याहून मोठा आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड किंवा हिंदी, शाळेत बहुधा इंग्रजी. ज्या भूमीत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो तिच्याकडे कसे पाहावे हे ती मुले घरातल्या भाषेतल्या लिखाणातूनच शिकणार. त्या लिखाणाने त्यांना 'आपली' आणि 'त्यांची' अशा दोन याद्या तेवढ्या हाती दिल्या, तर ती भूमी त्यांना कायमची परकी वाटेल. किंवा मग ती भाषाच परकी वाटू लागेल. म्हणून मराठीतल्या प्रवासवर्णनाने गावाकडे कसे पाहिले, आणि कुठे पाहायचे सोडून दिले, याचा थोडा हिशेब मांडणे अगत्याचे वाटते.

१

या हिशेबाची सुरुवात वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्यापासून करावी लागते. 'माझा प्रवास' हे पुस्तक आपण सगळे १८५७ च्या बंडाची प्रत्यक्षदर्शी हकीकत म्हणून ओळखतो, आणि ते बरोबरही आहे. पण गोडसे भटजी बंड पाहायला निघाले नव्हते. घरची गरिबी, कर्जाची चिंता, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी. दक्षिणेच्या आशेने पेणजवळच्या या खेड्यातला हा भिक्षुक आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. वाटेत महूजवळ बंडाची चाहूल लागली, यज्ञ बाजूला राहिला, आणि पुढची अडीचएक वर्षे उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झांशी, काल्पी अशी वणवण झाली.

हे पुस्तक आजही वाचावेसे वाटते ते कशामुळे? भटजींना इतिहास घडताना दिसला म्हणून तर खरेच. पण त्याहून अधिक या कारणाने की त्यांचे डोळे पोटाशी जोडलेले होते. कुठे उतरायला मिळाले, कुणी शिधा दिला, किती दक्षिणा मिळाली, रस्ता सुरक्षित आहे की नाही, हे त्यांना सांगावेच लागते, कारण त्यावर त्यांचे जगणे अवलंबून आहे. झांशीत ते राजवाड्याचे वैभव सांगतात, राणीचा दिनक्रम सांगतात, आणि तितक्याच तपशिलाने हळदीकुंकवाचा थाटही सांगतात. शहर पडल्यानंतरच्या लुटीचे त्यांचे वर्णन तर एखाद्या गृहस्थाने आपल्या घरातल्या वस्तू मोजाव्यात तसे आहे : आधी सोने-चांदी गेले, मग तांब्या-पितळेची भांडी गेली, मग कपडे, मग धान्य. इतिहासाच्या ग्रंथात 'शहर लुटले गेले' एवढे एकच वाक्य असते. भटजींच्या लिखाणात लूट पायरीपायरीने घरात शिरते आणि शेवटी कोठीपर्यंत पोचते. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह नष्ट झाला याची हळहळही ते एका विद्येवर जगणाऱ्या माणसाच्या जिव्हाळ्याने करतात.

आणि मग तो प्रसिद्ध प्रसंग. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानेने व्याकूळ झालेली राणी त्यांना भेटते. ते पाणी काढू लागतात तर विद्वान ब्राह्मणाला हे काम नको म्हणून ती स्वतःच विहिरीतून पाणी काढते. झांशीचा किल्ला, तोफा, बुरूज यांवर पानेच्या पाने लिहिली गेली. पण राणी माणूस म्हणून आपल्याला दिसते ती या निनावी विहिरीच्या काठावर. ही विहीर कुठल्याही नकाशात प्रेक्षणीय स्थळ म्हणून दाखवलेली नसेल. प्रवासवर्णनाचे सामर्थ्य कशात असते ते या एका विहिरीने सांगितले आहे.

या पुस्तकाच्या प्रकाशनाची कथाही आपल्या विषयाला धरूनच आहे. भटजींनी ते लिहिले चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून, आणि ते छापले गेले भटजींच्या मागे, १९०७ मध्ये. वैद्यांनी छापताना भाषेत आणि मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकाच्या हाती सुधारलेले पुस्तक होते. सुशिक्षित संपादकाला भिक्षुकाच्या भाषेला कात्री लावावीशी वाटली, यात त्या काळाचा दोष असेल. पण ती वृत्ती अजून गेली आहे का? आजही आपला लेखक घरी परतल्यावर स्वतःच स्वतःचा चिंतामणराव होतो. वाटेतला शिधा, बोलाचाली, भाड्यावरून झालेली घासाघीस हे सगळे 'गौण' म्हणून गाळतो आणि उरलेला सनावळीचा भाग 'भारदस्त' म्हणून छापायला देतो.

२

विसाव्या शतकात मराठी प्रवासवर्णनाची दोन मोठी वळणे झाली. एक परदेशाकडे गेले. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे'पासून पु. लं.च्या 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग'पर्यंत आणि पुढे मीना प्रभूंच्या पुस्तकांपर्यंत ही वाट वाचकांनी गजबजलेली राहिली. दुसरे वळण किल्ल्यांकडे गेले आणि त्याचे अध्वर्यू अर्थातच गो. नी. दांडेकर.

गोनीदांनी मराठी माणसाला गडावर नेले हे त्यांचे ऋण फेडता येणार नाही. 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून पाठीला पिशवी अडकवून निघालेली माणसे आपल्याही गावात आहेत. पण त्यांच्या लिखाणात एक वाटणी झालेली दिसते, तिच्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. गडाच्या दगडांबद्दल ते लिहितात तेव्हा ते भ्रमणगाथा लिहितात. गडावरच्या माणसांबद्दल लिहायचे झाले की ते कादंबरी लिहितात. राजमाचीचा म्हातारा 'माचीवरला बुधा'त आला, रायगडावरची मनी 'रानभुली'त आली. गोनीदांपाशी दोन्ही होते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत काही हरवले नाही. त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी मात्र अर्धेच उचलले. दगड घेतले, बुधा आणि मनी घेतली नाहीत. आज सहलवर्णनात जो पायथ्याचा गावकरी येतो, तो पिठले-भाकरी वाढण्यापुरता येतो. त्याला नाव नसते, मत नसते, आणि बहुतेक वेळा भाषाही नसते.

दुर्गाबाई भागवतांनी याच्या उलट वाट दाखवली होती. 'पैस' या संग्रहातला शीर्षकलेख नेवाशाच्या एका खांबाभोवती उभा आहे. ज्ञानदेवांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे तो हा खांब. दुर्गाबाई खांबाचे माप घेऊन थांबत नाहीत. त्या खांबावर देवाच्या दिव्याला तेल मिळावे म्हणून दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. ज्ञानदेवांच्या आधीही तो खांब कुणाच्या तरी साध्या भक्तीचा साक्षीदार होता, हे भान त्यांच्या लिखाणाखालून वाहत राहते. एका लहानशा गावातला एक खांब. पण लेखिकेला पुरेसा वेळ असला आणि मन मोकळे असले तर त्याचा 'पैस' केवढा होतो!

म्हणजे उणीव परंपरेत नाही. आपल्याकडे गोडसे भटजींची वाट आहे आणि दुर्गाबाईंचीही आहे. आपण दोन्ही सोडून तिसरी सोपी वाट धरली, इतकेच.

३

आता आपल्या घराकडे येऊ. बेळगावविषयी महाराष्ट्रात किती लिहिले गेले! १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला साहित्यिकांचे बळ मिळाले. पुढे १९५६ ची राज्यपुनर्रचना झाली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या लेखकाच्या दृष्टीने बेळगाव हा एक 'प्रश्न' झाला. प्रश्न खरा आहे, त्याची झळ ज्यांना लागली त्यांना ती कुणी सांगायला नको. पण प्रश्न म्हणून पाहिले की गाव दिसेनासे होते. पाहुणे आले, भाषणे झाली, सीमाप्रश्नावर लेख लिहिले गेले. त्या लेखांत खडेबाजारातली गर्दी नाही, रामदेव गल्लीतली खरेदी नाही, आणि एकाच वाक्यात कन्नड सुरू करून मराठीत संपवणारा दुकानदार तर नाहीच नाही.

हे गाव मराठी साहित्यात खऱ्या अर्थाने आले ते प्रवासवर्णनातून नव्हे, एका व्यक्तिचित्रातून. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते. त्या वास्तव्यात त्यांना भेटलेले कृष्णराव हरिहर 'गणगोत'मध्ये 'रावसाहेब' झाले. नाटक-गाण्याचे वेड, थिएटरचा मालक, तोंडात शिव्या आणि पोटात माया, आणि मराठी अशी की तिचे व्याकरण कन्नड आईच्या मांडीवर वाढलेले. पु. लं.नी या बोलीला हसू दिले, पण तिची चेष्टा केली नाही. हसता हसता आपल्याला कळते की हा माणूस या भाषेखेरीज दुसऱ्या कुठल्याही भाषेत एवढा मोठा झाला नसता.

इथे एक तक्रार नोंदवायला हवी. ती लेखकाबद्दल नाही, वाचकाबद्दल आहे. पुण्या-मुंबईचा वाचक 'रावसाहेब' ऐकतो तेव्हा हेलाला हसतो आणि तिथेच थांबतो. बेळगावची भाषा म्हणजे विनोद, असे एक समीकरण त्यातून रुजले. आणि मग आपणच, म्हणजे सीमाभागातले लेखकच, आपल्या बोलीची लाज धरून लिहायला लागलो. आपल्या अंकांतली सहलवर्णने पाहा. त्यांची भाषा सदाशिव पेठेतून मागवलेली वाटते. खानापूरच्या रस्त्यावर भेटलेला म्हातारासुद्धा लेखात छापील पुणेरी बोलतो. ज्या लेखकाने आयुष्यभर दोन भाषांत बाजार केला, तो कागदावर एकभाषी होऊन बसतो.

या लाजेवर उतारा दिला तो प्रकाश नारायण संत यांनी. १९९४ साली 'वनवास' आले आणि लंपन नावाचा मुलगा मराठी वाचकाच्या घरात राहायला आला. 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' या पुढच्या संग्रहांतून तो वाढत गेला. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे, कन्नड आणि मराठी एकमेकींत मिसळलेल्या मुलखात तो राहतो. त्याच्या तोंडी जी भाषा आहे ती विनोदासाठी वापरलेली नाही. त्याला त्याच भाषेत एकटेपणा वाटतो, त्याच भाषेत संगीत ऐकू येते, त्याच भाषेत त्याची आजी त्याला जवळ घेते. संतांची ही पुस्तके प्रवासवर्णने नव्हेत हे उघडच आहे. पण एखाद्या प्रदेशातल्या रस्त्यांवरून, मळ्यांमधून, गल्ल्यांमधून वाचकाला फिरवून आणण्याचे काम त्यांनी जेवढे केले तेवढे आपल्या भागातल्या कुठल्याही स्थलवर्णनाने केलेले नाही. लंपन कुठल्याही स्मारकापुढे हात जोडून उभा राहत नाही. तो नुसता चालतो, आणि गाव आपल्याला दिसू लागते.

४

मग स्मारकांवर लिहूच नये की काय? तसे मुळीच नाही. उलट आपल्या मुलखातली स्मारके अशी आहेत की ती नीट पाहिली तर गाव आपोआप दिसावे.

एका दिवसाच्या सहलीचा नेहमीचा बेत घेऊ : कित्तूर, नंदगड, हलशी. कित्तूरला आपला लेखक राणी चन्नम्माच्या पराक्रमाचा परिच्छेद लिहितो : १८२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजांशी लढाई झाली, धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, पुढे राणी कैद झाली आणि १८२९ साली बैलहोंगलच्या कैदेत तिचा अंत झाला. एवढे लिहून लेखक गाडीत बसतो. या परिच्छेदात चूक काही नाही. पण दोन गोष्टी त्यात नाहीत. एक म्हणजे ही राणी जन्मली काकतीला, जे आज बेळगावच्या वेशीवरचे गाव आहे. शहरातली आपली मुले ते नाव रोज रस्त्यावरच्या पाटीवर वाचतात. दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. तिचा पती मल्लसर्ज देसाई दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात नजरकैदेत होता. मराठी वाचकाला पेशवाईचा अभिमान असतो आणि चन्नम्माबद्दल आदरही असतो; हे दोन्ही एकाच मनात कसे ठेवायचे, हा खरा लिहिण्याचा विषय आहे. आपले लेख नेमके तिथून पाय काढतात. वाचकाला अडचणीत टाकायला नको, अशी एक सभ्यता त्यामागे असते. पण अडचण टाळणारी सभ्यता गावाला न्याय देत नाही आणि वाचकालाही देत नाही.

नंदगडला चन्नम्माचा सरदार संगोळ्ळी रायण्णा याला १८३१ च्या जानेवारीत फाशी दिले. त्याच्या समाधीपाशी वड आहे आणि मूल व्हावे म्हणून त्या वडाला नवसाचे पाळणे बांधतात. नंदगडच्या आसपासची वस्ती बहुतांशी मराठी बोलणारी आहे. रायण्णा कन्नड मुलखाचा वीर. त्याची समाधी मराठी बोलणाऱ्या गावाने सांभाळलेल्या मातीत. या दोन वाक्यांत एका मोठ्या लेखाचा ऐवज आहे. नवस बोलणारी बाई कुठल्या भाषेत नवस बोलते, हे कुणी विचारले आहे काय? विचारले तर कदाचित कळेल की वडाला त्याने फरक पडत नाही. पण लेखाला मात्र पडतो, कारण तिथेच गाव बोलू लागते.

हलशी ही बनवासीच्या कदंबांची पलाशिका, त्यांची एक राजधानी. पुढे ती गोव्याच्या कदंबांच्या राज्यात होती. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे एकमेकांसमोर आहेत. इथे सापडलेल्या ताम्रपटांचा अभ्यास फ्लीटने केला आणि कदंबांच्या इतिहासातला मोठा भाग त्यातून उजेडात आला. गोवा आणि बेळगाव हे दोन प्रदेश आज दोन राज्यांत आहेत; हलशीच्या दृष्टीने ते एकाच राजाचे दोन हात होते. गोव्याचा मराठी वाचक आणि खानापूरचा मराठी वाचक यांना जोडणारे हे देऊळ आहे. आमच्या वाचनात आलेल्या बहुतेक सहलवर्णनांत त्याला मिळालेले स्थान मात्र 'परतताना हलशीचे प्राचीन मंदिरही पाहिले' एवढेच.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बांधली गेली १२०४ च्या सुमारास, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याकडून. त्या राजाच्या काळचे बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तेच दगड, तीच अक्षरे. पण आमच्या मुलांना ते पाहायचे तर पारपत्र काढावे लागेल. ही हकीकत सहलवर्णनात आली तर कमल बस्तीचे छत किती सुंदर आहे हे सांगायला वेगळी विशेषणे लागणार नाहीत.

५

'हे आमचे की त्यांचे' या प्रश्नाला खुद्द दगडांचे उत्तर काय आहे तेही पाहावे. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर ६३४ सालचा रविकीर्तीचा लेख आहे. बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीची ती प्रशस्ती. त्यात तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या ९९ हजार गावांचा उल्लेख येतो. लेख संस्कृतात, राजा चालुक्य, टेकडी आज बागलकोट जिल्ह्यात, आणि महाराष्ट्राच्या नावाचा असा जुना उल्लेख तिथे! हा लेख कुणाच्या यादीत घालायचा?

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी चामुंडरायाचे नाव मराठीत कोरलेले आहे. मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होत आली म्हणून आपण ते डोक्यावर घेतो. त्याच्या काळाबद्दल पुढे मतभेद झाले आणि अक्षीच्या शिलालेखाचा मान वाढला, ही गोष्ट वेगळी. पण आपल्या लेखांत एक तपशील बहुधा गळतो : त्याच पायाशी हीच गोष्ट कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही कोरलेली आहे. तीन भाषा, एका मूर्तीच्या पायाशी, शेजारी शेजारी. आपण आपली तेवढी ओळ वाचून परत येतो. बाजूच्या ओळी वाचता येत नसतील तर निदान त्या आहेत एवढे तरी लिहावे.

आणि तंजावर. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. चोळांच्या देवळाच्या भिंतीवर मराठी, आणि ती आजही पाहायला मिळते. देऊळ चोळांचेच राहिले. आपली अक्षरे दुसऱ्याच्या भिंतीवर जपली जातात आणि दुसऱ्याची आपल्या भिंतीवर, ही दक्षिणेची जुनी रीत आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' लिहून आपल्या सर्वांत लाडक्या देवाची मुळे कर्नाटक-आंध्राच्या गवळी-धनगरांपर्यंत नेऊन दाखवली तेव्हा पंढरपूर लहान झाले नाही, उलट मोठे झाले. सहलवर्णन लिहिणाऱ्याने ढेऱ्यांइतके संशोधन करावे अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण त्यांच्या दृष्टीचा थोडा अंश तरी सोबत न्यायला हरकत नसावी.

६

मग चांगले स्थलवर्णन ओळखायचे कसे? वरच्या उदाहरणांतून तीन साध्या कसोट्या निघतात. पहिली वाटेची. लेखक तिथे कसा पोचला, काय खाल्ले, कुठे टेकला, किती पैसे गेले हे लेखात आहे का? गोडसे भटजींना हे सांगण्यात कमीपणा वाटला नाही. दुसरी बोलीची. गावातला माणूस लेखात स्वतःच्या तोंडाने बोलतो का, की लेखकच त्याच्या वतीने बोलतो? 'रावसाहेब' आणि लंपन या कसोटीला उतरतात. तिसरी शेजारच्या ओळीची. स्मारकावर आपल्या अभिमानाचे जे आहे त्याच्या बाजूला दुसऱ्याचे जे आहे, त्याची दखल घेतली आहे का? या तिन्हींपैकी एकाही कसोटीला फार विद्वत्ता लागत नाही. थोडा वेळ लागतो आणि थोडा धीर लागतो.

यावर असे म्हटले जाईल की दिवाळीच्या अंकात लोकांना हलकेफुलके वाचायला हवे असते. एवढा भार कशाला? हा आक्षेप वाचकाला कमी लेखणारा आहे. 'रावसाहेब'इतके हलकेफुलके दुसरे काय आहे? आणि त्याच्याइतके भारी तरी काय आहे? दुसरा आक्षेप असा निघेल की सीमाभागात भाषा टिकवण्यासाठी आपल्याला 'आपले' ठळकपणे सांगावेच लागते. शेजारच्या ओळीचे कौतुक करत बसलो तर आपली ओळ पुसली जाईल. हा आक्षेप मनापासूनचा आहे, त्याची टिंगल करता येणार नाही. २०१४ साली शहराचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले तेव्हा ज्यांना काहीतरी तुटल्यासारखे वाटले त्यांचे ते वाटणे खोटे नव्हते. पण भाषा टिकते ती पाटीवरच्या अक्षरांवर जेवढी, तेवढीच तिच्यात काय काय सांगता येते यावरही टिकते. ज्या भाषेत आपल्या गावाचे खरे, दोन भाषांत बोलणारे, कुंदा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करणारे, रेणुकेच्या यात्रेला सौंदत्तीकडे निघणारे जगणे सांगताच येत नाही, ती भाषा मुलांच्या उपयोगाची राहत नाही. ती फक्त सभेत बोलायची भाषा होते. लंपनची मराठी वाचताना इथल्या मुलाला वाटते की हे माझ्या घरातले आहे. असे वाटणे हीच भाषेची खरी राखण.

म्हणून दरवर्षी हे अंक काढणाऱ्या संपादकांपुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. पुढच्या खेपेला सहलवर्णन मागवताना लेखकाला स्मारकाचे नाव देऊ नये. गावाचे नाव द्यावे. कित्तूरच्या किल्ल्यावर नको, कित्तूरवर लिहा म्हणावे. भूवराह नरसिंहाच्या देवळावर नको, हलशीवर लिहा म्हणावे. देऊळ त्यात येईलच; गावात आहे म्हटल्यावर जाणार कुठे? पण त्याबरोबर देवळाची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस येईल, त्याची मुले कुठल्या शाळेत जातात ते येईल, आणि तो कुठल्या भाषेत देवाशी बोलतो आणि कुठल्या भाषेत तलाठ्याशी, तेही येईल. लेखाची भाषा थोडी खडबडीत होईल. ती तशीच छापावी. वरसईच्या भटजींची भाषा जशीच्या तशी वाचायला आपल्याला साठ वर्षे थांबावे लागले. आपल्या मुलांना तेवढे थांबायला लावू नये.